ठिपका आणि बिंदू : सहावीच्या भूमिती प्रकल्पाच्या नोंदी, नाशिक

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार. साधनांची तपासणी

भूमितीतील मूलभूत संबोध हा सहावीच्या पुस्तकातला पहिलाच पाठ. तो जूनमध्येच होऊन जातो. दिवाळीनंतर विचारलं तर किरणाची व्याख्या मुलांना घडाघडा येते, पण फळ्यावरच्या आकृतीत किरण कुठे आहे ते दाखवता येत नाही. म्हणून त्याच संज्ञा हातात धरता येतील अशा वस्तूंमधून पुन्हा उभ्या करायच्या, एवढाच या प्रकल्पाचा आवाका आहे. दोन तुकड्या, एक मराठी आणि एक सेमी-इंग्रजी. चार-चार मुलांचे गट. तासिका ३५ मिनिटांची, मैदानावरच्या कामाला जोडतासिका.

पहिली तासिका कंपासपेट्यांवर घालवली आणि ती वाया गेली नाही. साधन चुकीचं असेल तर मूल स्वतःला चुकीचं समजतं, म्हणून ही तपासणी आधी.

मोजपट्टी: दोन ठिपक्यांमधून रेघ ओढायची. मग पट्टी फिरवून डावं टोक उजवीकडे न्यायचं आणि तीच कड वापरून त्याच दोन ठिपक्यांमधून पुन्हा रेघ ओढायची. दोन रेघांच्या मध्ये भिंगासारखी फट दिसली तर कड वाकलेली आहे. उन्हात दप्तरात राहिलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या या तपासणीत हमखास नापास होतात. शून्याची खूण कडेपासून किती आत आहे तेही बघायचं. बऱ्याच मुलांचं मोजमाप कडेपासूनच सुरू होतं.

गुण्या: पट्टीला टेकवून काटकोनाच्या दुसऱ्या बाजूने रेघ ओढायची, गुण्या पालथा करून त्याच ठिपक्यापासून पुन्हा ओढायची. दोन रेघा एकमेकींवर पडल्या तर गुण्या बरोबर. फाकल्या तर त्यांच्यात जो कोन दिसतो त्याच्या निम्मी चूक गुण्याची.

कोनमापक: एकच कोन आधी एका भुजेवर पायारेषा ठेवून मोजायचा, मग दुसऱ्या भुजेवर ठेवून. फरक एका अंशाहून जास्त आला तर छपाई केंद्रापासून सरकलेली आहे. तो कोनमापक बाजूला.

कंपास: मिटल्यावर सुईचं आणि पेन्सिलीचं टोक एका पातळीवर यायला हवं. वर्तुळ जिथे सुरू केलं तिथेच मिटत नसेल तर बहुतेक वेळा स्क्रू ढिला असतो, किंवा मूल वरची मूठ सोडून कंपासचे पाय धरत असतं. वहीखाली पुठ्ठा ठेवला की सुई सरकत नाही.

पेन्सिलीचं टोक हा वरकरणी क्षुल्लक मुद्दा, पण आकडा सांगितल्यावर मुलांना पटतो: ५ सेमी लांबीच्या भुजेच्या टोकाशी १ मिमी इकडेतिकडे झालं तर कोनात एका अंशाहून जास्त फरक पडतो. १० सेमीवर तोच १ मिमी अर्ध्या अंशाच्या जरासा पुढे. म्हणून प्रकल्पात कोणत्याही कोनाची भुजा ८ सेमीपेक्षा आखूड काढायची नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार. बिंदू

साहित्य: ठिपक्यांच्या रांगोळीचा भोकं पाडलेला कागद, स्केचपेन, टोक काढलेली पेन्सिल, सुई.

एकाच जागी स्केचपेनने, पेन्सिलीने आणि सुईने खूण करायला सांगितली आणि विचारलं, यातला बिंदू कोणता? बहुतेक सगळे सुईच्या भोकाकडे बोट दाखवतात. मग भिंगातून ते भोक दाखवायचं. त्याला काठ दिसतात, रुंदी दिसते. म्हणजे तोही बिंदू नव्हे.

इथे मराठीनेच वाट काढून दिली. आपल्याकडे दोन शब्द आहेत: ठिपका आणि बिंदू. वर्गात ठरवलं की कागदावर उमटतो तो ठिपका, आणि तो जी जागा दाखवतो ती जागा म्हणजे बिंदू. ठिपक्याला आकार असतो, रंग असतो, तो खोडता येतो. बिंदूला लांबी, रुंदी, जाडी यातलं काहीच नाही. एवढं झाल्यावर ‘बिंदूला आकारमान नसतं’ हे वाक्य पाठ करावं लागत नाही.

नकाशा घेऊन तेच परत पक्कं केलं. १ सेमी म्हणजे १० किमी अशा प्रमाणाच्या नकाशावर नाशिकसाठी २ मिमीचा ठिपका काढला तर तो जमिनीवर २ किमी रुंदीचा भाग झाकतो. पंचवटी, रामकुंड, भद्रकाली सगळं त्याच्या पोटात. शहराच्या नकाशावर मात्र रामकुंड स्वतःच ठिपका होतं. ठिपका किती मोठा काढायचा ते नकाशावर ठरतं, जागा तीच राहते.

मग रांगोळीचा कागद. ३ ओळी, ३ रांगा, एकूण ९ ठिपके. प्रश्न असा: या ९ बिंदूंमधून दोन-दोन बिंदू जोडत किती वेगवेगळ्या रेषा मिळतात? रेषेची व्याख्या अजून झालेली नाही, तरी मुलं पट्टी घेऊन भिडतात. तीन बिंदूंतून जाणाऱ्या ८ रेषा लगेच सापडतात: ३ आडव्या, ३ उभ्या, २ कर्ण. फक्त दोनच बिंदूंतून जाणाऱ्या १२ असतात. त्यातल्या ४ शेजारच्या बाजूंचे मधले ठिपके जोडणाऱ्या, त्या सापडतात. उरलेल्या ८ बुद्धिबळातल्या घोड्याच्या चालीसारख्या, आणि नेमक्या त्याच सुटतात. एकूण २०. बिंदूंच्या जोड्या ३६ आणि रेषा २० का, याचं उत्तर एकरेषीय बिंदूंमध्ये आहे: तीन बिंदू एका रेषेवर आले की तीन जोड्यांची मिळून एकच रेषा होते. ‘एकरेषीय’ हा शब्द याच क्षणी फळ्यावर लिहिला, गरज भासल्यावर.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. रेषा, रेषाखंड, किरण

ठिपका-बिंदूसारखीच जोडी: रेघ आणि रेषा. ओढतो ती रेघ, आणि दोन्हीकडे न थांबता जाते ती रेषा. रेघ कागदाच्या कडेला संपते, रेषा संपत नाही. रेघेच्या दोन्ही टोकांना बाण काढायचे ते याच कारणासाठी.

पुस्तकात बिंदूंना इंग्रजी अक्षरं असतात. या नोंदीत सोयीसाठी अ, ब, क, ड.

नेहमी होणाऱ्या चुका, जशा दिसल्या तशा:

लांब काढलेली रेघ म्हणजे ‘मोठी रेषा’ असं वाटणं. यावर उपाय म्हणजे ‘ही रेषा मोजून दाखव’ असं मुद्दाम सांगायचं. मूल पट्टी लावतं, ५ सेमी म्हणतं. मग बाणाकडे बोट दाखवायचं. पुढे तेच मूल दुसऱ्याला सांगतं की मोजता येतो तो रेषाखंड.

किरण (एका बिंदूपासून निघून एकाच दिशेला न थांबता जातो तो) अब आणि किरण बअ एकच मानणं. रेषाखंड अब आणि रेषाखंड बअ एकच असतो, रेषेचंही तसंच, त्यामुळे किरणालाही तोच नियम लागतो असं वाटतं. मैदानावर दोन मुलं उभी केली, एकाच्या हातात बॅटरी. अ च्या हातातली बॅटरी ब कडे रोखली की ब च्या पाठीमागची भिंत उजळते. ब ने अ कडे रोखली तर उलट बाजूची. पहिलं अक्षर आरंभबिंदूचं का, हे यातून नीट कळतं. एक सावधगिरी: बॅटरीचा झोत पसरत जातो, किरण पसरत नाही. हे सांगितलं नाही तर काही मुलं किरण पंख्यासारखा काढू लागतात.

एका रेषेवर अ, ब, क, ड असे चार बिंदू ओळीने. रेषा किती? एक. रेषाखंड किती? ६. किरण किती? इथे वर्ग दोन भागांत विभागला गेला, आणि दोन्ही बाजूंचं बरोबर होतं. प्रत्येक बिंदूपासून दोन दिशांना, म्हणून ८ किरण. पण दिलेल्या अक्षरांनी नाव देता येईल असे फक्त ६, कारण अ च्या बाहेरच्या बाजूला आणि ड च्या बाहेरच्या बाजूला नाव द्यायला बिंदूच नाही. परीक्षेत ‘नावे लिहा’ म्हटलं तर ६. हा फरक फळ्यावर सावकाश उलगडावा, घाईने सांगितला तर गोंधळ वाढतो.

एकरेषीय आहेत का ते पाहण्यासाठी मैदानावर बांबूच्या तीन काठ्या. पहिल्या काठीमागे एक डोळा मिटून उभं राहायचं. तिसरी काठी दुसरीच्या आड गेली तर तिन्ही एका रेषेत. द्राक्षबागेची आखणी घरी पाहिलेल्या मुलांना हे शिकवावं लागत नाही. दोन काठ्या रोवल्या की ओळ ठरली, तिसरी फक्त तपासणीसाठी, हे त्यांना ठाऊकच असतं. ‘दोन भिन्न बिंदूंतून एक आणि एकच रेषा जाते’ हे वाक्य त्यांच्या काठ्यांवरच लिहिलेलं आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार. प्रतल

वर्गातल्या शहाबादी फरशीवर डुगडुगणारा बाक शोधायला सांगितलं. सापडायला वेळ लागत नाही. मग तीन पायांचं स्टूल त्याच जागी ठेवायचं, ते डुगडुगत नाही. प्रतल म्हणजे न संपणारा सपाट पृष्ठभाग, आणि एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एकच प्रतल जातं. स्टुलाची तीन टोकं नेहमीच एका प्रतलात असतात. बाकाचं चौथं टोक त्या प्रतलात असेलच असं नाही. घडीचा कागद पायाखाली सारतो तेव्हा आपण चौथा बिंदू प्रतलात आणत असतो.

दोन पुठ्ठ्यांना मध्यापर्यंत चीर देऊन एकमेकांत अडकवले: दोन प्रतलं छेदतात ती रेषेत, बिंदूत नाही.

समांतर रेषांच्या व्याख्येतला ‘एकाच प्रतलातील’ हा शब्द मुलं गाळतात. छतावरची ट्यूबलाइट पूर्व-पश्चिम आणि जमिनीलगतची भिंतीची कड दक्षिण-उत्तर अशी जोडी दाखवली. कितीही वाढवल्या तरी भेटणार नाहीत, आणि समांतरही नाहीत. व्याख्या त्यानंतर पुन्हा लिहून घेतली. वहीत दोन आखूड रेषाखंड काढून ‘छेदत नाहीत म्हणून समांतर’ म्हणणारेही आहेत. त्यांना पट्टीने दोन्ही वाढवून बघायला लावलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार. लंब म्हणजे उभा नव्हे

या प्रकल्पातली सर्वांत महत्त्वाची तासिका हीच, असं नोंदवून ठेवतो. सहावीतल्या बहुतेक मुलांच्या मनात लंब म्हणजे उभा. आडव्या रेघेवर लंब काढायला सांगा, सुरेख काढतील. तीच रेघ तिरपी करा, तरी लंब वहीच्या उभ्या कडेला समांतरच येतो. दोष मुलांचा नाही. फळ्यावर आणि पुस्तकात लंब जवळजवळ नेहमीच आडव्या रेघेवर काढलेला असतो.

गवंडीकाम करणाऱ्या पालकांकडून ओळंबा, गुण्या आणि पाणसळ अशी तीन हत्यारं मागवली. गवंडी या गोष्टी कधीच मिसळत नाही. भिंत ‘ओळंब्यात’ आहे का हा एक प्रश्न, कोपरा ‘गुण्यात’ आहे का हा दुसरा. ओळंबा उभी दिशा सांगतो, गुण्या काटकोन सांगतो, पाणसळ आडवी पातळी सांगते. भिंत उभी आणि जमीन सपाट असते तेव्हा ओळंबा आणि गुण्या एकच बोलतात, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

दोघांना वेगळं पाडायला शाळेच्या दारातला चाकाच्या खुर्चीसाठीचा उतार वापरला. कृती:

१२० सेमी लांबीची सरळ पट्टी, तिचं वरचं टोक उतारावर टेकवून, पाणसळीचा बुडबुडा मध्ये येईपर्यंत खालचं टोक उचलायचं. त्या टोकाखाली किती उंची राहते ते मोजायचं. इथे १० सेमी आली, म्हणजे चढ १२ ला १.

मग १ मीटरची काठी उतारावर गुण्या लावून उभी करायची. गुण्याची एक बाजू उताराच्या दिशेने, दुसरी काठीला चिकटलेली. काठी आता उताराला लंब आहे आणि सगळ्यांना स्पष्ट दिसतं की ती खालच्या बाजूला झुकली आहे. काठीच्या वरच्या टोकापासून ओळंबा सोडला. त्याचं वजन काठीच्या पायथ्याशी न पडता उताराच्या खालच्या बाजूला सुमारे ८ सेमीवर आलं. हिशेबाने ८.३ यायला हवं, कारण १०० सेमीचा बारावा भाग. तोच १२ ला १ पुन्हा भेटतो. काठी आणि ओळंब्याची दोरी यांच्यातला कोन पावणेपाच अंशाच्या जवळ, उतार जमिनीशी करतो तेवढाच. का, ते वरच्या इयत्तेत. आत्ता मोजून दिसलं तेवढं पुरे.

काय बिघडतं: गुण्या उताराच्या आडव्या दिशेने लावला तर काठी उभी असतानाही गुण्यात बसते आणि फरक दिसतच नाही. वाऱ्याने ओळंबा हलतो, वजन पाण्याच्या बादलीत बुडवलं की शांत होतो, पण मग बादलीच उतारावर ठेवायला जागा नसते. दारं लावून घेणं सोपं.

यानंतर वहीत काम: वही ४५ अंशांनी फिरवून रेघ ओढायची, वही सरळ करून तिच्यावर गुण्याने लंब काढायचा. ‘उभी’ हा शब्द वापरायचा नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. शंकूची सावली

एकाच कृतीत बिंदू, रेषाखंड, वर्तुळ, केंद्र, त्रिज्या, जीवा, मध्यबिंदू, लंब आणि समांतर येतात म्हणून ही निवडली. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात ती दिलेली आहे: सपाट जमिनीवर शंकू रोवायचा, शंकूच्या उंचीइतक्या दोरीने वर्तुळ काढायचं, सावलीचं टोक वर्तुळाला जिथे शिवतं तिथे खुंट्या ठोकायच्या, ती पूर्व-पश्चिम. शुल्ब म्हणजे दोरी. शंकू म्हणजे इथे खुंटी, आइस्क्रीमच्या कोनासारखा आकार नव्हे. सुरुवातीलाच हे सांगावं लागतं.

नोव्हेंबर या कामाला चांगला. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे २०-२१ मे आणि २३-२४ जुलैच्या सुमारास दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. पण मे महिन्यात सुट्टी आणि जुलैत ढग.

मांडणी: ५० सेमी उंचीची लोखंडी सळई, ओळंब्याने उभी केलेली. इथे ओळंबाच हवा, गुण्या नव्हे, आणि का ते मुलांनीच सांगितलं. खाली ड्रॉइंगचा मोठा कागद चिकटवलेला प्लायवूड, पाणसळीने दोन्ही दिशांना सपाट केलेला. सळईच्या पायथ्याला केंद्र धरून ४०, ४५, ५०, ५५, ६० सेमी त्रिज्यांची वर्तुळं, दोरी आणि पेन्सिलीने. वर्तुळं एकाहून जास्त घ्यायची, कारण सकाळी खूण केली आणि दुपारी नेमका ढग आला तर एका वर्तुळाची सगळी मेहनत जाते.

सकाळी १० ला सुरुवात. ६० सेमीचं वर्तुळ सव्वादहाच्या पुढे, ५० सेमीचं ११ ला दोन-चार मिनिटं कमी असताना. दुपारी तेच ५० सेमीचं पावणेदोनच्या सुमारास, ६० सेमीचं अडीचच्या आत. सर्वांत आखूड सावली ४२ सेमीच्या आसपास, १२ वाजून २० मिनिटांच्या सुमारास. बारा वाजता का नाही? भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, नाशिक ७३.८ वर. अंशाला ४ मिनिटं धरली की ३५ मिनिटांचा उशीर. नोव्हेंबरच्या या आठवड्यात सूर्य घड्याळाच्या १४ मिनिटं पुढे असतो, ते वजा.

४० सेमीच्या वर्तुळाला सावली शिवलीच नाही. आखणीच्या वेळी हे सांगितलं नव्हतं, मुद्दामच. ४५ सेमीच्या वर्तुळाला शिवली, पण त्या वेळी सावलीचं टोक वर्तुळाच्या कडेकडेने सरकत असतं, त्यामुळे नेमकं कुठे शिवली ते ठरवता येत नाही. ५० आणि त्यापुढची वर्तुळं घ्यावीत.

सावलीचं टोक धूसर असतं. सूर्य बिंदू नाही, त्याची चकती अर्ध्या अंशाची दिसते, त्यामुळे ५० सेमीच्या सळईच्या सावलीला टोकाशी जवळपास ९ मिमीची पुसट पट्टी येते. सकाळी पट्टीची आतली कड धरली आणि दुपारी बाहेरची, तर चूक; दोन्ही वेळा तीच कड धरली तर चूक आपोआप कटते. खूण करणारं मूल दोन्ही वेळा एकच ठेवलं. ५० सेमीच्या वर्तुळावर दोन खुणांमधली जीवा ४८ सेमीची आली. एक खूण जीवेला काटकोनात ५ मिमी सरकली तर दिशा अर्ध्या अंशाहून थोडी जास्त फिरते.

सकाळची खूण पश्चिमेला, दुपारची पूर्वेला. तिन्ही वर्तुळांवरच्या जीवा काढल्यावर त्या एकमेकींना समांतर आल्या. समांतर आहेत की नाही ते दोन जागी लंब अंतर मोजून तपासलं. मग एका जीवेचा लंबदुभाजक कंपासऐवजी दोरीनेच काढला, दोरी जीवेच्या निम्म्याहून लांब घेऊन. तो सळईच्या पायथ्यातून गेला, तेव्हा वर्गाने टाळ्या वाजवल्या. ती उत्तर-दक्षिण. मोबाइलमधल्या होकायंत्राशी ताडून बघू नये असं नव्हे, पण लोखंडी सळईजवळ तो भलतंच दाखवतो.

२४ नोव्हेंबर, सोमवार. कोन

तिसरी जोडी: कोपरा आणि कोन. कोपऱ्याला टोक लागतं, म्हणून सरळ कोन हा कोन आहे हे मुलांना पटत नाही: ‘इथे कोपराच नाही.’ म्हणून कोनाची ओळख फिरण्यातून करून दिली. पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या, एक १० सेमी आणि एक २० सेमी, एका टोकाला प्रेस बटणाने जोडलेल्या. प्रत्येक मुलाकडे एक. एक पट्टी टेबलावर दाबून दुसरी फिरवायची. शून्य, लघु, काट, विशाल, सरळ, प्रविशाल, पूर्ण: एका फेरीत सातही.

पट्ट्या मुद्दाम असमान. समान असल्या तर ‘भुजा लांब म्हणजे कोन मोठा’ ही समजूत तशीच राहते. लांब पट्टी कापून अर्धी केली आणि कोन पुन्हा मोजला, अंश तेवढेच.

कोनमापकाच्या चुका तीनच, पण चिवट. पहिली, प्लॅस्टिकची खालची कड भुजेवर ठेवणं. पायारेषा त्या कडेच्या वर असते. दुसरी, आतली आणि बाहेरची पट्टी यांची अदलाबदल: ४० ऐवजी १४०. मोजण्याआधी ‘लघु की विशाल’ ते तोंडाने म्हणायला लावलं की ही चूक जवळपास जाते. तिसरी, भुजा कोनमापकाच्या काठापर्यंत पोचत नसताना अंदाजाने वाचणं. भुजा वाढवायची, कोन बदलत नाही हे आत्ताच पाहिलेलं आहे.

नाव लिहिताना शिरोबिंदूचं अक्षर मधे. कोन अबक आणि कोन बअक वेगळे. एका शिरोबिंदूपाशी तीन किरण असतील तर ‘कोन ब’ एवढंच लिहून चालत नाही, तिथे तीन कोन आहेत.

घड्याळ: साडेतीनला दोन काट्यांतला कोन किती? सगळे ९०. तासकाटा मिनिटाला अर्धा अंश सरकतो, म्हणून साडेतीनला तो ३ आणि ४ च्या मध्यावर, कोन ७५. साडेनऊला १०५. बेरीज १८० आली हे एका मुलीने दाखवलं. का ते सगळ्यांनी आकृती काढून शोधलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार. ‘पूरक’ची गफलत

कोटिकोन आणि पूरक कोन सातवीत आहेत, तरी एक तासिका दिली, कारण मुलं घरी हिंदी व्हिडिओ बघून येतात. मराठी पाठ्यपुस्तकात बेरीज ९० तर कोटिकोन, १८० तर पूरक. हिंदीत ९० वाल्यांना पूरक म्हणतात आणि १८० वाल्यांना संपूरक. तोच शब्द, निम्मी बेरीज. सेमी-इंग्रजीच्या तुकडीत याला आणखी एक पदर आहे: कॉम्प्लिमेंटरी या शब्दाचा एरवीच्या मराठीत अर्थ ‘पूरक’, आणि भूमितीत मात्र कॉम्प्लिमेंटरी कोन म्हणजे कोटिकोन, पूरक म्हणजे सप्लिमेंटरी. भिंतीवर तीन रकान्यांचा तक्ता लावला. शब्दाशेजारी आकृती आणि बेरीज लिहिल्याशिवाय फक्त शब्द लिहायचा नाही.

१ डिसेंबर, सोमवार. मैदानावर काटकोन

साहित्य: ३० मीटरची फायबर टेप, खुंट्या, सुतळी, फक्की. नायलॉनची दोरी घेऊ नये, ताणली की वाढते. सुतळी फक्त ओळ दाखवायला, माप घ्यायला नाही.

दिंडोरी, पिंपळगाव बसवंत, ओझर या पट्ट्यात द्राक्षबाग लावताना ओळींमध्ये ९ फूट आणि ओळीतल्या वेलींत ५ फूट अंतर सर्रास ठेवतात. एका वेलीला ४५ चौरस फूट, एकराला हिशेबाने ९६८ वेली. बांधापासून पहिली ओळ गुण्यात निघाली नाही तर पुढच्या सगळ्या ओळी तशाच तिरक्या. २०० फुटांच्या ओळीत एका अंशाची चूक म्हणजे शेवटाला साडेतीन फूट.

३-४-५ चा गुण्या मुलांनी आधी ३, ४ आणि ५ फुटांचा केला, मग ३०, ४० आणि ५० फुटांचा. दोन्हींत ५ किंवा ५० च्या बाजूत मुद्दाम एक इंच चूक ठेवली. लहान गुण्यात कोन २ अंशांनी बिघडला, मोठ्यात अंशाचा पाचवा भाग. तीच चूक २०० फुटांवर नेली तर लहान गुण्याने जवळपास ७ फूट, मोठ्याने ८ इंच. गुण्या जेवढा मोठा तेवढा काटकोन खात्रीचा, हे बागवाल्या घरातल्या मुलांनी मान डोलावून मान्य केलं.

नंतर १२ मीटर बाय ८ मीटरचं कबड्डीचं मैदान आखलं. चारही बाजू बरोबर असूनही आकृती तिरकी असू शकते, म्हणून कर्ण मोजायचे: दोन्ही समान, १४ मीटर ४२ सेमी. पहिल्या प्रयत्नात एक कर्ण थोडा जास्त आला. कारण सापडलं: टेप एका ठिकाणी खुंटीच्या बाहेरून धरली होती, दुसऱ्या ठिकाणी आतून. खुंटीला जाडी असते, बिंदूला नसते. आता खुंटीच्या डोक्यावर खिळा ठोकून माप खिळ्यापासून घेतो.

३ डिसेंबर, बुधवार. सांगा आणि काढा

दोन मुलं पाठीला पाठ लावून. एकाकडे आकृती, दुसऱ्याकडे कोरा कागद. आडवी, उभी, तिरकी, वर, खाली हे शब्द बंद. ‘६ सेमीचा रेषाखंड अब काढ. ब हा आरंभबिंदू घेऊन रेषाखंड अब शी ५० अंशांचा कोन करणारा किरण बक काढ.’ यात एक गोष्ट हमखास निसटते: असे किरण दोन निघतात, रेषेच्या दोन बाजूंना. दोन कागद जुळले नाहीत की वाद होतो, आणि सांगणाऱ्यालाच कळतं की बाजू सांगायची राहिली. पाच मिनिटांत वर्णन नेमकं होत जातं.

ज्यांची व्याख्या तोंडपाठ आहे पण इथे अडखळतात अशी मुलं वेगळी नोंदवली. त्यांची तोंडी परीक्षा पुन्हा घ्यायची गरज नाही; त्यांना पट्ट्या आणि बॅटरी पुन्हा द्यायची.

५ डिसेंबर, शुक्रवार. पुढच्या खेपेसाठी

पुठ्ठ्याच्या पट्ट्या प्रेस बटणाशी फाटतात, जुन्या कॅलेंडरचा दुहेरी कागद डकवून घेणे. शंकूची सळई बसवायला प्लायवूडला मधोमध लाकडी ठोकळा, सळई त्यात घट्ट बसेल असं भोक. २२ डिसेंबरच्या आसपास सावली पुन्हा घेणे. त्या दिवशी दुपारी सूर्य साडेसेहेचाळीस अंशांवरच असेल, म्हणजे ५० सेमीच्या सळईची सर्वांत आखूड सावली ४७ सेमीच्या पुढे जाईल आणि ५० सेमीचं वर्तुळ कडेकडेने शिवेल. म्हणून त्या दिवशी ५५ पासून पुढची वर्तुळं आखून ठेवायची. ओळंबा आणि पाणसळ पालकांना परत केले. गुण्या आणखी आठवडाभर ठेवायला त्यांनी सांगितलं आहे.